पॅटरसनचे रहीमअक्का

अमेरिकेला जाऊन नायगारा न बघता परत आलेली सांगलीतली बहुधा मी एकटीच. परतल्यापासून जो भेटतो तो पहिल्यांदा तेच विचारतो. मी 'नाही' म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, बाईंचे विमानाचे पैसे पाण्यात गेले. तेही नायगाऱ्याच्या पाण्यात नाही. शेजारच्या काकूंनी तर मला अॅसिडिटीचा त्रास झाला असणार असं परस्पर ठरवून टाकलं आहे. म्हणून एकदाच काय ते लिहून ठेवते. यापुढे कुणी विचारलं की हा लेख हातात देणार.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. एम.ए.चा 'मध्य आशियाचा इतिहास' हा पेपर कित्येक वर्षं माझ्या गळ्यात आहे, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नसतं. बुखारा, समरकंद, खिवा, अमू दर्या, सिर दर्या ही नावं मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली आहेत की डोळे मिटून नकाशा काढता येईल. रशियन लिपीही येते, कारण तरुणपणी पुण्यात असताना रशियनच्या वर्गाला जायची तेव्हा टूम होती आणि मला टूम टाळता येत नाही. पण ज्यांचा इतिहास मी शिकवत होते त्यांच्यातला एकही हाडामांसाचा माणूस मी कधी पाहिला नव्हता. विद्यार्थ्यांनी मला हे कधी विचारलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकारच.

वेस्ट विंडसर

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा सुहास यानं मला अमेरिकेला बोलावून घेतलं. तो माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर गावात राहतो आणि एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. बायको मेधा, स्वभावानं लाख. दोघांनी माझं इतकं केलं की मला घरात हलू देईनात. पण एका गोष्टीनं मी रोज तडतडत होते, ती म्हणजे त्यांचं मराठी.

"मावशी, सॅटरडेला आपण ग्रोसरी करू, मग मी तुला ड्राइव्ह करून प्रिन्स्टन दाखवतो, आणि वेदर बघून बाकीचं डिसाइड करू."

"यातलं मराठी कुठलं रे?" मी विचारलं.

"करू," सुहास म्हणाला.

गावाबद्दल काय सांगू? हिरवळ इतकी की डोळे निवतात, आणि रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. पहिल्या दिवशी मी चपला घालून 'जरा चक्कर मारून येते' म्हणून निघाले, तर एका बाईंनी गाडी थांबवून मी हरवले आहे का, अशी चौकशी केली. आपल्याकडे चालणारा माणूस हरवलेला समजत नाहीत. मी त्यांना म्हटलं, पाय मोकळे करतेय. त्या माझ्या पायांकडे काळजीनं बघत निघून गेल्या.

एका संध्याकाळी सुहास उड्या मारत घरी आला. "मावशी, तुझं काम झालं! आमच्या लॅबमध्ये समरसाठी एक मुलगी आलीये, दिलबर म्हणून. तिचं घर पॅटरसनला. तिच्या घरी कुणीतरी रहीमअक्का आहेत, थेट तुझ्या त्या ताश्कंदकडच्या! मी म्हटलं, माझी मावशी हेच शिकवते. तर संडेला जेवायलाच बोलावलंय."

रहीमअक्का! आमच्या सांगली-कोल्हापूरकडे घरोघर एक अक्का असते. सगळ्यात थोरली, सगळ्यांना धाकात ठेवणारी आणि सगळ्यांच्या उपयोगी पडणारी. नाव रहीमा असणार, सुहासनं अर्धवट ऐकलं असणार, असं मी मनाशी ठरवलं. पिकलेले केस, डोक्यावर ओढणी, गालावर सुरकुत्या, असं चित्रही डोळ्यांसमोर उभं राहिलं. अशा अक्कांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? मी बॅग उपसली. कुणाकुणाला द्यायला आणलेल्यांतला एक चांगला इरकली खण निघाला, अंजिरी रंगाचा. हिरव्या बांगड्या निघाल्या. नारळ मेधानं इंडियन स्टोअरमधून आणून दिला.

पॅटरसन, रविवार

पॅटरसन हे जुनं गिरण्यांचं गाव. विटांच्या उंच इमारती, बंद पडलेली धुराडी, दाटीवाटीची घरं आणि फुटपाथवर चक्क माणसं! मला एकदम बरं वाटलं. एके काळी इथे रेशमाचे माग चालत. तुर्क, अरब, इटालियन असे कुठकुठले लोक त्या मागांवर कामाला आले आणि इथलेच झाले.

एका निळ्या रंगाच्या घराची घंटा वाजवली. दार उघडलं ते सहा फुटी, पांढऱ्या दाढीच्या एका आजोबांनी. डोक्यावर पांढऱ्या नक्षीची काळी चौकोनी टोपी, अंगात अमेरिकन सदरा, पॅंटला गॅलिस. मी नारळ सावरत इंग्रजीत विचारलं, "रहीमअक्का आहेत का घरात?"

आजोबांनी उजवा हात छातीवर ठेवला, किंचित झुकले आणि म्हणाले, "मीच रहीम अका."

माझ्या दोन्ही हातांत ताट. ताटात खण, बांगड्या आणि नारळ. मागे सुहास खोकल्याचं सोंग करत होता. आजोबांच्या पाठीमागून आलेल्या मुलीनं, म्हणजे दिलबरनं, खुलासा केला की उझबेक भाषेत 'अका' म्हणजे थोरला भाऊ. मान द्यायचा असेल तर कुणाही वडीलधाऱ्या पुरुषाला अका म्हणतात.

"आमच्यात अक्का म्हणजे थोरली बहीण," मी कशीबशी म्हणाले.

दिलबरनं ते आजोबांना सांगितलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, आणि असे गदगदून हसले की दाढीसकट हलले. मग मला त्यांनी हिंदीत विचारलं, "हिंदुस्तान में किधर से?" मी म्हटलं, मुंबईच्या खालच्या बाजूची, मराठी आहे. त्याबरोबर ते दारातल्या दारात ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय पायजे, बाई?"

 तरुणपणी काही वर्षं रहीम अका मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ सुक्या मेव्याच्या दुकानात गल्ल्यासमोर उभे राहत होते. गिऱ्हाइकाला विचारायचा तेवढा एकच मराठी प्रश्न त्यांना येत होता, आणि तो त्यांनी न्यू जर्सीत इतकी वर्षं जपून ठेवला होता.

खण त्यांनी परत केला नाही. दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मग आत जाऊन रेघारेघांचा, कापूस भरलेला एक लांब अंगरखा आणला आणि भर उन्हाळ्यात माझ्या साडीवरून खांद्यांवर घातला. "सरपो," ते म्हणाले. पाहुण्याला दिलेला मानाचा कपडा. सर म्हणजे डोकं, पो म्हणजे पाय. अहो, हा तर आपला शिरपाव! मराठेशाही शिकवताना मी हा शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल, पण माझ्या अंगावर शिरपाव पडेल असं कधी वाटलं नव्हतं. घामानं निथळत होते, तरी मी तो जेवण होईपर्यंत काढला नाही.

जेवणाआधी चहा. बिनदुधाचा, हिरवट, कान नसलेल्या वाटीत. त्यांच्यात पेला म्हणजे ही वाटी. माझ्या वाटीत रहीम अकांनी घोटभरच चहा ओतला. मला मनातून लागलं. आपल्याकडे कप बशीत सांडेपर्यंत भरतात, त्याशिवाय आग्रह केल्यासारखं वाटत नाही. मी तो घोट संपवला, परत घोटभर. पुन्हा संपवला, पुन्हा घोटभर. शेवटी न राहवून म्हटलं, भरूनच द्या की.

रहीम अकांचा चेहरा पडला. "भरून म्हणजे, आता पी आणि नीघ," दिलबरनं हळूच सांगितलं. "थोडा ओतला की यजमानाला पुन्हा पुन्हा उठून पाहुण्याची विचारपूस करता येते."

माझा जीव भांड्यात पडला आणि मग मी किती घोट प्यायले त्याला गणती नाही.

मी शाकाहारी आहे हे सुहासनं आधी कळवलं होतं. मागच्या अंगणात काळ्याकुट्ट कढईत बाकीच्यांसाठी मटणाचा पुलाव शिजत होता, आणि तो शिजवत होते स्वतः रहीम अका, कारण त्यांच्यात समारंभाचा पुलाव पुरुषच करतात. मेधा ते सुहासला पुन्हा पुन्हा दाखवत होती. माझ्यासाठी मात्र स्वयंपाकघरातून दिलबरच्या आईनं वेगळी थाळी आणली. थाळीत गाजरं. शिजवलेली गाजरं, कच्ची गाजरं, किसलेली गाजरं, वर जिऱ्याची फोडणी आणि पुन्हा थोडी गाजरं. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी मुकाट्यानं खायला लागले. निम्म्यात आल्यावर रहीम अका कढईजवळून आले, माझी थाळी पाहिली आणि सुनेला, म्हणजे दिलबरच्या आईला, काहीतरी विचारलं. मग कपाळावर हात मारून घेतला. सुहासनं फोनवर सांगितलं होतं, मावशी फक्त सब्जी खाते. आणि उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर!

"अरे, ये बंबई की सब्जी है, बंबई की!" ते सुनेला समजावत होते आणि ती बिचारी ओशाळून हसत होती. मला ताबडतोब हरभरे, बेदाणे आणि लसणीचा अख्खा गड्डा घातलेला बिनमटणाचा पुलाव करून मिळाला. जिऱ्याला ते झिरा म्हणतात, बदामाला बोदोम, आणि सगळं आवडलं तर म्हणायचं, मझा किल्दिम. मजा केली! किल्दिम म्हणजे केलं. एवढ्यात दिलबर आजोबांना काहीतरी सांगून गेली, त्यात मी स्पष्ट ऐकलं, 'कॅन्सल किल्दिम.'

सुहास जागच्या जागी उडाला. "मावशी, ऐकलंस? कॅन्सल केलं! हे लोक पण करतात!"

"ते चारशे वर्षं फारसीचं करत होते, मग रशियनचं केलं, आता इंग्रजीचं करताहेत," मी प्राध्यापकी थाटात म्हटलं. मग मनात आलं, आपण तरी काय केलं? तयार केलं, जमा केलं, माफ केलं, सगळं बाहेरून आलेलं आणि पुढे आपलं करणं. त्या दिवसापासून मी सुहासच्या मराठीला टोकणं बंद केलं आहे. निदान तोंडावर.

जेवण झाल्यावर रहीम अकांनी मला गावातला धबधबा दाखवायला नेलं. पॅटरसनच्या ऐन मध्यावर खरोखरचा दणदणीत धबधबा आहे, त्याच्याच पाण्यावर पूर्वी गिरण्या चालत. कठड्याला टेकून आम्ही इतिहासाच्या गप्पा मारल्या. बुखाऱ्याचा अमीर रशियाच्या झारच्या हाताखाली कसा होता, हे मी वर्गात दोन तास समजावते. इथे मी एका वाक्यात सांगितलं की आमच्या सांगलीच्या संस्थानासारखा. गादी आपली, हत्ती-घोडे आपले, आणि हुकूम साहेबाचा. त्यांना लगेच पटलं. मग क्रांती झाली, अमीर पळाला आणि नव्या सरकारनं सगळ्या मध्य आशियाची भाषेवरून वाटणी करून वेगवेगळी राज्यं पाडली.

"घर में दादी ताजिक बोलती थी, दादा उझबेक," रहीम अका म्हणाले. "लिखनेवाला बाबू आया, पूछा, तुम लोग कौन? दादा बोला, मुसलमान, बुखारे का. बाबू बोला, फॉर्म में ऐसा खाना नहीं है, दूसरा बोलो."

समरकंद उझबेकांकडे गेलं, आणि ताजिक लोकांच्या मनात ती सल अजून आहे, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, हो, आमचंही एक बेळगाव आहे. मग ते काय प्रकरण आहे हे त्यांना सांगण्यात परतीचा सगळा रस्ता गेला. घरी पोचलो तेव्हा ते मराठी माणसाच्या बाजूचे झाले होते.

निघताना मात्र त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाई, आपको रूसी लिखना आता है ना? एक काम है."

एक बहीण येणार होती

काम सांगण्याआधी त्यांनी जे सांगितलं, ते आठवतं तसं देते.

रहीम अका तेरा वर्षांचे असताना त्यांच्या गावातल्या जमिनी सरकारनं काढून घेतल्या आणि सगळीकडे कापूस लावायचा हुकूम निघाला. वडील आधीच वारले होते. काकानं ठरवलं, अमू दर्या ओलांडून अफगाणिस्तानात जायचं. पोराला बरोबर घ्यायचं, पण त्याच्या आईला कळू द्यायचं नाही, कारण ती जाऊ देणार नाही. "सुबह अंधेरे में उठा. हलीमा जाग गई. मेरी बहन, छह साल की. मैंने बोला, दोपहर तक अम्मी को मत बताना. उसने सिर हिलाया. बस."

हवा भरलेल्या बकऱ्याच्या कातड्यांवर पालथं पडून काका-पुतणे नदी पार झाले. नंतर पेशावर, मुंबई, तुर्कस्तान, अमेरिका. आई पुढे वारली, ते कुणाकडून तरी कळलं. हलीमा ताश्कंदला शाळेत शिक्षिका झाली, हेही कळलं. बाकी काहीच नाही. त्या देशाचं दार बंद होतं. आता मॉस्कोतलं वारं फिरलं होतं, लोकांना नातेवाइकांना भेटायला जाऊ देत होते, आणि पुढच्या शनिवारी हलीमा केनेडी विमानतळावर उतरणार होती. मध्यंतरी एकदा फोन लागला होता, पण दोन्हीकडून नुसतं रडणं झालं आणि बोलायला सुरुवात करायच्या आत लाइन गेली.

"उसने दोपहर तक नहीं बताया होगा," रहीम अका म्हणाले. "वो ऐसी ही थी. फिर दोपहर को उसके साथ क्या हुआ? मुझे नहीं मालूम. यहाँ सब मुझे अका बोलते हैं. कोने का बेकरीवाला तुर्क भी. जिसका हक है, वो बोलेगी कि नहीं बोलेगी, इतनाच देखना है मेरे को."

त्यांच्या हिंदीत मुंबईचा 'इतनाच' आला, पण मला हसू आलं नाही.

शनिवारी! सुहासनं त्याच शनिवारी नायगाऱ्याची सहल ठरवली होती. मी गाडीत बसता बसताच म्हटलं, "सुहास, नायगारा कॅन्सल कर."

"मावशी, बुकिंग केलंय!"

"मग कॅन्सल कर म्हणते ना."

मेधा पुढच्या सीटवर बसून पदरात तोंड लपवून हसत होती. माझ्या क्रियापदाला हसत होती, हे मला घरी पोचल्यावर समजलं.

पाटी

काम होतं विमानतळावर धरायच्या पाटीचं. लेकरू असताना पाहिलेला भाऊ आता म्हातारा. तिनं ओळखायचा कसा? बुधवारी सुहासनं मला पुन्हा पॅटरसनला सोडलं. रहीम अकांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईनं आपलं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, लहानपणी मदरशात शिकलेल्या अरबी अक्षरांत. वळणं अशी सुरेख, की पुठ्ठा चौकट करून भिंतीवर लावावा.

"बोबो, त्यांना हे वाचता येणार नाही," दिलबर म्हणाली. बोबो म्हणजे आजोबा.

"कैसे नहीं आएगा? टीचर है!"

टीचर आहे म्हणूनच येणार नव्हतं. ते नदी ओलांडून गेल्यावर त्यांची लिपी पार बदलून गेली होती. आधी अरबी काढून रोमन आणली, ती मुलांच्या अंगवळणी पडते न पडते तोच रोमन काढून रशियन आणली. भाषा तीच, पण भावाचं अक्षर बहिणीला परकं आणि बहिणीचं भावाला. वर्गात मी हे 'लिपिविषयक धोरण' या मथळ्याखाली शिकवते आणि मुलं जांभया देतात. मी त्यांना आपल्या मोडीबद्दल सांगितलं. माझ्या आजोबांच्या रोजच्या वापरातली मोडी मला वेगळा वर्ग लावून शिकावी लागली, तीही नोकरीपुरती.  ते ऐकून रहीम अकांनी दुसरा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

मी मोठ्या ऐटीत रशियन अक्षरांत त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, काय लिहिलंय ते एकेक अक्षर वाचा. मला खोटं बोलता येईना, कारण रशियन भाषेला 'ह' नाहीच. मी वाचलं, "र, खी, म."

"रखीम? कौन रखीम?" ते ताडकन उठले. "जमीन ली, दरिया लिया, ठीक है. अब मेरा ह भी ले लिया?"

मला हसू आवरेना आणि दिलबर तर जमिनीवर बसली. पुढे मला कळलं, की उझबेकांनी रशियन 'ख'ला खाली एक शेपटी जोडून आपला 'ह' परत मिळवला आहे. पण माझं रशियन पुण्याचं, त्याला शेपटी कुठली असायला?

दुपार अशीच गेली. पूर्ण नाव, गावाचं नाव, वडलांचं नाव, सगळं लिहून पाहिलं आणि प्रत्येकात कुठलं ना कुठलं अक्षर अडलं. शेवटी वैतागून मी विचारलं, "ती तुम्हाला हाक काय मारायची? रहीम म्हणायची?"

"नाम से? बड़े भाई को? तौबा! अका बोलती थी. सिर्फ अका."

मी तिसऱ्या पुठ्ठ्यावर रशियन अक्षरांत 'अका' लिहिलं. अ, क, अ. तीनच अक्षरं. दिलबर वाकून बघत म्हणाली, "पण हे तर इंग्रजी आहे."

खरंच की! ही अक्षरं, A K A, दोन्ही लिप्यांत अगदी सारखी दिसतात. दिलबरला ती इंग्रजीत वाचता येत होती, मला रशियनमध्ये, आणि रहीम अका इथल्या गिरणीत कामाला असताना इंग्रजी शिकले होते म्हणून त्यांनाही. त्यांनी तो पुठ्ठा हातभर लांब धरून पुन्हा पुन्हा वाचला. मग आत जाऊन माझ्यासाठी घोटभर चहा घेऊन आले, आणि तो संपला तसा आणखी घोटभर.

केनेडी विमानतळ, शनिवार

दिलबर गाडी चालवत होती, शेजारी सुहास, मागे मी आणि रहीम अका. त्यांनी सूट घातला होता, डोक्यावर ती नक्षीची टोपी, आणि वाटेत ते ओठांतल्या ओठांत सारखं काहीतरी घोकत होते. दिलबरनं सांगितलं, बहिणीची माफी मागायचं भाषण आहे. चांगलं लांबलचक होतं.

मॉस्कोच्या विमानाला उशीर झाला. बाहेर पडायच्या दारासमोर ही गर्दी. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात फुगे. रहीम अका दोन्ही हातांनी पाटी छातीशी धरून उभे. तिथला धिप्पाड पहारेकरी दोनदा त्यांच्यासमोरून गेला आणि तिसऱ्यांदा थांबला. इंग्रजीत ती तीन अक्षरं म्हणजे 'ऊर्फ'. पोलीस लोक गुन्हेगाराची टोपणनावं सांगताना मध्ये घालतात ना, ते.

"ऊर्फ कोण?" त्यानं विचारलं. "पुढचं नाव कुठाय?"

"पुढचं नाव नाही, एवढंच आहे," दिलबर म्हणाली.

"ऊर्फ काहीच नाही? हे तर पक्के गुन्हेगार दिसतात," तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन आमच्याजवळच उभा राहिला. कोण येतंय ते आता त्यालाही बघायचं होतं.

दार उघडलं. खोकी, गाठोडी, दोऱ्यांनी बांधलेल्या बॅगा घेऊन माणसं यायला लागली. प्रत्येक बाईबरोबर रहीम अका पाटी उंच करत आणि ती पुढे गेली की खाली घेत. दर वेळी पाटी आधीपेक्षा थोडी कमी उंच जात होती. मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं. दुसऱ्या देवाच्या माणसासाठी चालतं की नाही, हा विचार नंतर आला.

मग एक बुटकी, गोल बांध्याची बाई बाहेर आली. अंगात पिवळ्या-जांभळ्या लाटांचा रेशमी झगा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, काखेत गाठोडं. ती चार पावलं पुढे गेली आणि थबकली. तिनं पाटी वाचली. शाळेत मुलाची पाटी तपासावी तशी, एकेक अक्षर, नीट. मग पाटीच्या वर पाहिलं.

 रहीम अकांचं ते लांबलचक भाषण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकले. ती जवळ आली, गाठोडं खाली ठेवलं, टाचा उंचावल्या, आणि त्यांच्या गालावर एक सणसणीत चापट दिली.

पहारेकरी पुढे सरसावला. सुहास 'अरे यार!' म्हणाला. मी दिलबरचा दंड घट्ट धरला.

"बु ओनामदान, अका," हलीमा म्हणाली.

"ही आईकडून," दिलबरनं मला सांगितलं. हलीमाबाई दोन्ही हातांत भावाचा चेहरा धरून भराभर बोलत होत्या, रडत होत्या, हसत होत्या, तोंडातले सोन्याचे दात चमकत होते. दिलबर जमेल तसं सांगत गेली. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. दुपारी सांगितल्यावर आईनं त्यांना एक चापट मारली आणि मग पोटाशी धरून म्हणाली, ही तुझी नाही, रहीमची आहे. तो आला की त्याला दे.

रहीम अका गालावर हात धरून उभे होते. पाटी पायाशी पडली होती. डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, आणि चेहऱ्यावर मात्र असा आनंद, की मी आयुष्यात तसा पाहिलेला नाही. त्यांनी गर्दीत मान वळवून मला शोधलं.

"सुना, बाई?" ते म्हणाले. "अका बोली."